लिफ्टमधला लहान k

दान्बीला झोप यायची ती फक्त लिफ्टमध्ये. गादीवर ठेवली की डोळे टक्क उघडे, पाठीशी बांधून फिरवली तरी टक्क उघडे, आणि तिच्या बाबांनी अंगाई म्हटली की डोळ्यांबरोबर तोंडही उघडं. पण लिफ्टचं दार सरकलं, वरचा पंखा घूं घूं करायला लागला, की सातवा मजला यायच्या आत तिची मान आईच्या छातीवर पडायची. असं का होतं, याचा शोध यॉन्जूने केव्हाच सोडून दिला होता. मूल झोपत असेल तर कारण विचारू नये, एवढं शहाणपण तिला आता आलं होतं.

त्यामुळे तेजॉन शहरातल्या त्या पंधरा मजली इमारतीत यॉन्जूइतका लिफ्टचा प्रवास दुसऱ्या कोणाचा झाला नसेल. घर अकराव्या मजल्यावर. खाली, वर, पुन्हा खाली. आणि लिफ्टमध्ये माणूस वाचणार काय? आरशात स्वतःचा अवतार बघवत नाही, शिकवणीच्या वर्गाची जाहिरात पाठ झालेली. राहिली बटणांच्या वरची पाटी. त्यावर लिहिलं होतं: १३ माणसं, १००० Kg.

मोठा K.

दान्बी होण्यापूर्वी यॉन्जू शाळेची विज्ञानाची पुस्तकं छापण्याआधी तपासायची. मापांची चिन्हं हा तिचा खास प्रांत. प्रकाशकाकडे मोठमोठे प्राध्यापक यायचे, पण किलोचा k लहान असतो आणि मोठा K म्हणजे तापमानाचा केल्विन, हे त्यांना यॉन्जूच्या लाल पेन्सिलीकडूनच कळायचं. आणि आता तिला रोज, झोपलेल्या मुलीला छातीशी धरून, हजार केल्विन-ग्रॅमच्या खाली उभं राहावं लागत होतं. असली वस्तू या विश्वात नाही. असलीच तरी ती लिफ्टने जात नाही.

"अगं, पण लोकांना कळतंय ना?" तिचा नवरा सॉक्ग्यू नूडल्स ओरपत म्हणाला. "मोठा काय, लहान काय, किलो तो किलो."

"लोकांना 'दान्बीची आई' म्हटलं तरी कळतं. म्हणून ते माझं नाव झालं का?"

सॉक्ग्यूने वाटी तोंडाला लावली. संसारात काही प्रश्नांना सूप पिणं हेच उत्तर असतं.

आता खरं सांगायचं तर तो K एकटा असता तर यॉन्जूने गिळलाही असता. पण एकदा नजर बिघडली की बिघडलीच. फाटकाशी गाड्यांच्या वेगाची पाटी होती, 20 KM/H. म्हणजे केल्विन, मग मेगा, आणि खाली भागायला हेन्री, म्हणजे विजेचं एक माप. या वेगाने जाणारी गाडी यॉन्जूला डोळ्यांसमोर आणता येईना. बालरुग्णालयातल्या नर्सबाईंनी दुधाच्या डब्यावर लिहून दिलं होतं, एका वेळी 200 ML. मोठा M म्हणजे दहा लाख. एका वेळी वीस कोटी लिटर दूध! त्यातलं निम्मं दान्बी नेहमीसारखं ओकून टाकणार, आणि ते पुसणार कोण?

त्यातच घरात आलं नावाच्या पट्ट्या छापायचं यंत्र. पहिल्या वाढदिवसानंतर दान्बी पाळणाघरात जाणार होती आणि पाळणाघराचा दंडक होता की बाटली, चमचा, मोजे, मोज्यांची जोडी हरवली तर उरलेला एक मोजा, सगळ्यावर मुलाचं नाव हवं. यंत्राच्या खोक्यावर लिहिलं होतं: उकळत्या पाण्यातही निघणार नाही. यॉन्जूने दान्बीच्या नावाच्या पट्ट्या छापल्या. पट्टी थोडी उरली. रंग चंदेरी. लिफ्टच्या पाटीचाच.

तिने एक लहान k छापला. नखाएवढा.

दान्बी छातीशी झोपलेली असताना एका हाताने तो k नेमका मोठ्या K वर बसवणं हे काम सोनाराचं. ते जमलं तेव्हा यॉन्जूला जे वाटलं ते तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. एक गोष्ट पूर्ण झाली होती. धुतलेले कपडे पुन्हा मळतात, भरवलेलं पोट पुन्हा रडतं. हा k मात्र आता कायमचा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या चॅट-ग्रुपवर पहिला निरोप पडला.

"लिफ्टमधला K कोणीतरी छोटा केलाय."

"छोटा म्हणजे किती?"

"आधीच्या निम्मा."

"अरे देवा, म्हणजे आता पाचशेच किलो?"

"तरीच काल लिफ्ट कुरकुरत होती!"

"आमच्या ह्यांना सांगते, जिन्याने या."

यॉन्जूने उत्तर लिहायला घेतलं. k लहान केल्याने किलो लहान होत नाही, तो पूर्वी चुकीचा होता, वगैरे. तेवढ्यात दान्बीने फोन तोंडात घातला. तो बाहेर काढून पुसेपर्यंत अध्यक्षबाईंचा निरोप आला होता, आणि अध्यक्षबाईंच्या निरोपानंतर ग्रुपवर कोणी काही लिहीत नसे.

अध्यक्षबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मा आडनावाच्या बाई, इमारतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. फ्लॅटचे भाव हा त्यांचा श्वास. कोणी गॅलरीत मुळ्याची पानं वाळत घातली तरी त्यांना समोर भाव घसरताना दिसायचे. त्यांनी लिहिलं: "मी स्वतः पलीकडच्या संकुलात जाऊन बघून आले. त्यांच्याकडे अजून मोठाच K आहे. फ्लॅट बघायला येणारे लोक लिफ्टमध्ये काय बघतात? पाटीच बघतात. शनिवारी सहाव्या मजल्यावर नवं बिऱ्हाड येतंय. त्यांनी आपल्याबद्दल काय समजायचं?"

यॉन्जूने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

निरोपावर थांबतील तर त्या अध्यक्षबाई कसल्या! त्या स्वयंपाकघरातली सुरी, केस वाळवायचं यंत्र आणि नखांचा रंग काढायची बाटली घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. पण उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी ती पट्टी. तिने अध्यक्षबाईंना भरपूर झुंजवलं. शेवटी निघाली, पण जाताना एकटी गेली नाही. खालचा मोठा K आणि शेजारची दोन शून्यं तिच्याबरोबर गेली. पाटीवर उरलं: 10 g.

आणि नेमका त्याच दिवशी लिफ्ट कंपनीचा माणूस महिन्याच्या तपासणीला आला. तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"दहा ग्रॅम," तो म्हणाला. "या लिफ्टमध्ये मी स्वतः चढू शकत नाही. माझी टोपीही चढू शकत नाही."

नियम साफ होता. किती वजन चालेल हे प्रवाशाला वाचता आलं पाहिजे, नाहीतर लिफ्ट बंद. त्याने दारावर लाल पट्टी चिकटवली. तीही न निघणारी असावी.

शनिवारी दान्बीचा पहिला वाढदिवस होता. तो घरी करायचा की हॉलमध्ये, यावर सासूबाईंशी फोनवर बरंच युद्ध झालं होतं. सासूबाई मोक्पोहून म्हणत होत्या, "एकुलती नात आहे, हॉल घ्या, फुगे लावा, चार माणसांत मान राहतो." आणि यॉन्जू म्हणाली होती, "आई, एवढ्याशा जिवाला हॉल कशाला? घरीच करू. मी सगळं नीट करते." नीट हा शब्द तिने जरा जोरातच म्हटला होता. आता सासूबाईंच्या गुडघ्याचं ताजं ऑपरेशन, घर अकराव्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. ज्यामुळे बंद, तो k हिचा.

आधी गुन्हेगार शोधायचं ठरलं. इमारतीचे व्यवस्थापक जेगालसाहेब अत्यंत काटेकोर गृहस्थ. त्यांनी लिफ्टच्या कॅमेऱ्याचं चित्रण तपासलं आणि एक फोटो फलकावर लावला. कायदा पाळून त्यांनी बाईचा चेहरा पुसट केला होता. पण बाईच्या छातीशी बांधलेल्या बाळाची सशाच्या कानांची टोपी पुसट करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"अय्या, ही तर दान्बी!" फलकासमोर बायका म्हणाल्या.

"दान्बीने केलं?"

"दिसते गरीब, पण बघा!"

सुरी घेतलेल्या बाईंचंही चित्रण होतं. ते जेगालसाहेबांनी 'अस्पष्ट' ठरवलं, कारण त्यांच्या पगारवाढीच्या अर्जावर महिला मंडळाची सही लागायची.

यॉन्जू दान्बीला घेऊन अकरा मजले उतरून त्यांच्या ऑफिसात गेली. तिने केल्विन समजावला, किलो समजावला, मोठा M आणि वीस कोटी लिटर दूधही समजावलं. दान्बीने मधूनमधून टेबलावर थापा मारून दुजोरा दिला.

जेगालसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "दान्बीची आई, आपल्या लिफ्टचं तापमान अगदी ठीक आहे. मी रोज बघतो."

"साहेब, तापमानाचं नाही म्हणत मी. नव्या पाटीवर k लहान हवा, एवढंच. तसा नियमच आहे."

"लहान घातला तर अध्यक्षबाई. मोठा घातला तर तुम्ही." त्यांनी कपाळ चोळलं. "नियम सगळे बरोबरच असतात हो. पण नियमांना या इमारतीत राहायचं नसतं, मला असतं. मी काढतो मार्ग. शनिवारपर्यंत पाटी आणवतो. आता तुम्ही घरी जा, आणि जाता जाता कशावरही काही चिकटवू नका."

अकरा मजले चढून जाताना यॉन्जूला रडूही येईना. ती दर मजल्यावर थांबत होती, आणि दान्बी टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. लिफ्ट नाही म्हणजे झोपही नाही.

शनिवार उजाडला तेव्हा वर घरात सगळं तयार होतं. पांढऱ्या तांदळाचा वाफवलेला केक, लाल चवळीत घोळलेले ज्वारीचे गोळे, समुद्री शेवाळाच्या सूपचं मोठं पातेलं, फळांचे मनोरे. दान्बी रंगीबेरंगी बाह्यांच्या रेशमी पोशाखात मासोळीसारखी सुळसुळत होती. आणि खाली, बंद लिफ्टसमोरच्या बाकावर, सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

"म्हणत होते, हॉल घ्या," त्या म्हणाल्या.

"आई, मी पाठीवर घेतो तुला," सॉक्ग्यू म्हणाला.

"तुला पाठीवर घेऊन मी वाढवलं, तेव्हापासून तुझी पाठ मला माहीत आहे. नको."

पाहुणे जमले. नवीन बिऱ्हाडाचे लोकही जमले, कारण त्यांचं सामान चढवायला आलेली शिडीची गाडी दारात उभी होती, आणि ती बघायला बाकीची इमारत जमली होती. लांबच लांब शिडी सहाव्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेली, आणि तिच्यावरून फळी सरसर वर-खाली जात होती. अध्यक्षबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आजींना यावरूनच चढवा की! अकराव्यापर्यंत सहज पोचते."

"सामान चढवतो, माणूस नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"चादरीत गुंडाळा. सोफा आहे म्हणून सांगा."

"मला सोफा म्हणता?" सासूबाई बाकावरून कडाडल्या. "तीन मुलांची आई आहे मी. तीन माणसांचा तरी म्हणा!"

सगळे हसले. यॉन्जू हसली नाही. ती शिडीच्या फळीकडे बघत होती. फळीच्या कडेला रंगाने लिहिलं होतं: 400 kg. लहान k. कोणीही न सांगता, कोणीही न भांडता, सरळ लहान k. तिचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच तिला ते सुचलं.

"काका," ती ड्रायव्हरला म्हणाली, "माणूस वर नेत नाही. पण सामान खाली आणता ना?"

मग त्या इमारतीने पूर्वी कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून आधी वाढदिवसाचं बुटकं टेबल उतरलं. मग फळांचे मनोरे, मग केकची परात, मग दोरीने आवळलेलं सूपचं पातेलं, एक थेंब न सांडता, आकाशातून हळूहळू खाली. वर गॅलरीत सॉक्ग्यू हातवारे करत होता, खाली बायका "सावकाश! सावकाश!" ओरडत होत्या, आणि सहाव्या मजल्यावरच्या नव्या बाई आपला फ्रिज बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होत्या. अध्यक्षबाई त्यांना सांगत होत्या, "आमच्या इमारतीत असंच असतं. पलीकडच्या संकुलात नाही हो असलं काही."

वाढदिवस लिफ्टसमोर मांडला गेला. सासूबाईंनी सूप दोनदा घेतलं.

आता मुख्य कार्यक्रम. दान्बीपुढे ताट ठेवलं. त्यात सुताची गुंडी, तांदूळ, पेन्सिल, चेंडू, डॉक्टरांची नळी. बाळ जे उचलेल ते त्याचं पुढचं आयुष्य. सासूबाईंना सूत हवं होतं, दीर्घायुष्य. सॉक्ग्यूला नळी हवी होती. पेन्सिल ठेवली होती यॉन्जूने, आणि ती जरा पुढे सरकवलीही होती तिनेच.

तेवढ्यात लिफ्ट कंपनीचा माणूस नवी पाटी घेऊन आला. गर्दीतून वाट काढत त्याने हत्यारांची पिशवी ताटाच्या शेजारीच ठेवली आणि लाल पट्टी सोलायला लागला. दान्बी निघाली. सूत ओलांडलं, तांदूळ तुडवले, पेन्सिलीकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीत हात घालून तिने एक पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उपसला आणि उंच धरला.

सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या.

"चला," सासूबाई म्हणाल्या, "यापुढे लिफ्ट बंद पडली तर घरचंच माणूस."

हशा ओसरल्यावर लक्षात आलं की पाटीचे स्क्रू खास आहेत, त्यांना बसणारा स्क्रूड्रायव्हर तेवढा एकच, आणि दान्बी तो सोडत नाही. चेंडू दाखवला, केक दाखवला. जेगालसाहेबांनी सशासारखे कान करून दाखवले. दान्बीने मूठ आणखी आवळली आणि भोकाड पसरलं. दोन दिवसांची झोप डोळ्यांत दाटलेली, गाल लालबुंद.

"होईल तेव्हा होईल," लिफ्टवाला उकिडवा बसला. "तोवर सांगा, पाटी आधी कोणी बदलली होती? कंपनीला नाव कळवावं लागतं."

"दान्बीची आई," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"नाव?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. जेगालसाहेबांच्या डोळ्यांसमोर सगळी इमारत मजल्यांसकट उभी होती, पण अकराव्या मजल्यापुढे नाव फक्त सॉक्ग्यूचं होतं. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या, दान्बीचे दात मोजणाऱ्या, दान्बीच्या शीचा रंग माहीत असणाऱ्या त्या सगळ्या बायकांपैकी एकीलाही ते नाव ठाऊक नव्हतं.

यॉन्जूला स्वतःचं नाव स्वतःच सांगता येईना.

काठी फरशीवर आपटली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"थाक यॉन्जू," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या नीट. माझी सून. शाळेच्या पुस्तकातली तुमच्या मुलांची मापं बरोबर असतात ना? ती हिने बरोबर केलेली असतात. आणि ती दोन शून्यं कोणी खरवडून खाल्ली, त्यांचंही नाव लिहून घ्या, मला माझ्या मुलाने सगळं सांगितलंय."

अध्यक्षबाई छताकडे बघू लागल्या. छत स्वच्छ होतं.

यॉन्जूने मान खाली घातली आणि रडणाऱ्या दान्बीला उचलून छातीशी घेतलं. "आणा तिला इकडे लिफ्टमध्ये," लिफ्टवाला म्हणाला. "पंखा सुरू करतो, गार वाटेल." ती आत गेली, मागोमाग सासूबाई काठी टेकत आल्या. दार सरकलं. पंखा घूं घूं करू लागला. लिफ्ट जागची हललीसुद्धा नव्हती, तोवर दान्बीची मान पडली, मूठ सैल झाली, आणि स्क्रूड्रायव्हर लिफ्टवाल्याच्या ओंजळीत अलगद उतरला.

त्याने पाटीवरचा कागद फाडला, पाटी बसवली, दार उघडून बाहेरच्यांना दाखवली. जेगालसाहेबांनी काढलेला मार्ग तिथे चकाकत होता. मोठा K नाही, लहान k नाही, मुळात k च नाही:

1,000,000 g.

"दहा लाख!" अध्यक्षबाईंनी शून्यं बोटाने मोजली. त्यांचा चेहरा उजळला. "दहा लाख! पलीकडच्या संकुलात हजारच आहेत!" आणि त्या नव्या बाईंना शोधायला धावल्या.

"आकडा बरोबर आहे, वाचता येतो, माझं काम झालं," असं म्हणून लिफ्टवाल्याने बटण दाबलं आणि तो बाहेर पडला. लिफ्ट वर निघाली. आत तिघीच. यॉन्जू पाटीकडे बघत होती. दहा लाख ग्रॅम म्हणजे हजार किलोच, हिशोब चोख होता. g लहान होता. पण शून्यांमध्ये स्वल्पविराम होते. मापांच्या नियमाप्रमाणे तिथे स्वल्पविराम नको, थोडी मोकळी जागा हवी. तिचं तोंड उघडलं.

सासूबाईंनी एका हाताने नातीच्या टोपीचा कान सारखा केला, आणि दुसऱ्या हाताने आपली पर्स उचलून पाटीवर धरली.

"यॉन्जू," त्या हळूच म्हणाल्या, पोर उठू नये म्हणून. "आधी वर पोचू दे. काय ते खाली येताना बघ."